लंडनचं एलएलएम: रान विकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: ‘साताऱ्यात तीन वर्षं वकिली करतो, वय २७. बी.कॉम.नंतर तीन वर्षांचं एलएलबी. महिन्याला वीस-पंचवीस हजार सुटतात. काम बरंचसं भूसंपादनाचं आणि मोटार अपघाताच्या दाव्यांचं. लंडनच्या एका विद्यापीठाकडून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एलएलएमसाठी (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) ऑफर आली आहे, फी ३२,००० पौंड. वडील रस्त्याकडेचं दीड एकर रान विकायला तयार आहेत. एलएलएम झाल्यावर तिथे वकिली करता येईल का? परत आलो तर उपयोग होईल का? जाऊ का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जा. पण या सप्टेंबरला नको, आणि रान विकून तर मुळीच नको.

मी २००९-१० मध्ये लंडनला एलएलएम केलं. आता मुंबई उच्च न्यायालयात लवादाची, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचापुढे चालणाऱ्या तंट्यांची, कामं करते. दर पावसाळ्यात तुमच्यासारख्या पाच-सहा जणांचे अर्ज वाचून देते, त्यामुळे तुमच्या पत्रातली गफलत ओळखीची आहे. आपल्याकडे ‘विलायतेला कायदा शिकायला गेला’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांपुढे बॅरिस्टर येतो. गांधीजी लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेतून १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले, बाबासाहेब तशाच ग्रेज इनमधून १९२२ मध्ये. पण ती विद्यापीठाची पदवी नव्हती, तो परवाना होता. बाबासाहेबांनी त्याच काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदव्याही घेतल्या, पण मुंबईच्या कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टरीच्या जोरावर. एलएलएम म्हणजे त्यातली विद्यापीठाची बाजू. ती कितीही नामांकित ठिकाणची असली तरी तिने कुठल्याच कोर्टाचं दार उघडत नाही. (आणि आता तर नुसती बॅरिस्टरीही इथे चालायची नाही. बॅरिस्टर आहे म्हणून सनद देण्याची सोय आपल्या १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरतीच आहे.)

मग इंग्लंडमध्ये वकिली करायची तर काय लागतं? एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर या तिथल्या वकिलांची पात्रता परीक्षा. २०२१ च्या सप्टेंबरपासून ती सुरू आहे. पहिल्या टप्प्यात बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्नांचे. दुसऱ्यात अशिलाची मुलाखत, मसुदा लिहिणं, कोर्टापुढे मांडणी असली १६ प्रात्यक्षिक कामं. दोन्हींची मिळून फी पाच हजार पौंडांच्या आसपास जाते. या परीक्षेसाठी एलएलएम लागत नाही. तुमच्याकडे सनद आहे, त्यामुळे इंग्लंडच्या पदवीधरांना लागते ती दोन वर्षांच्या कामाची अटही तुम्हाला नाही. पुरेसा अनुभव दाखवता आला तर दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते, मिळेलच असं नाही. पहिला टप्पा तर भारतातल्या केंद्रावर बसून देता येतो. सॉलिसिटर व्हायचं हेच कारण असेल तर साताऱ्यातली वकिली न सोडता, वडिलांच्या रानाला हात न लावता, एलएलएमच्या फीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढ्या परीक्षा फीत ते होतं. हे एजंट सांगणार नाही. त्याला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, परीक्षा मंडळाकडून नाही.

अमेरिकेचं गणित निराळं आहे. न्यूयॉर्कला बार परीक्षेला बसण्याआधी तिथल्या परीक्षा मंडळाकडून आपल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यांना पदवी पुरेशी वाटली तर एलएलएमशिवायही बसू देतात. तूट निघाली तर अमेरिकेतच राहून केलेल्या २४ क्रेडिटांच्या एलएलएमने ती भरून निघते. तिथेही एक मेख आहे. त्या २४ मध्ये व्यावसायिक आचारसंहिता, कायदेशीर लेखन, अमेरिकन कायद्याची ओळख आणि परीक्षेतले काही विषय यांचे ठरावीक क्रेडिट असावेच लागतात. आवडीचे विषय घेत सुटलेली मुलं मे महिन्यात डोक्याला हात लावून बसलेली मी पाहिली आहेत. खर्चाचं म्हणाल तर नावाजलेल्या लॉ स्कूलची नुसती फीच ७५ ते ८५ हजार डॉलर आहे. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून इतकंच.

पदवीनंतर इंग्लंडमध्ये राहून नोकरी शोधायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. आत्ता तो दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. मोठ्या फर्म त्यांच्या प्रशिक्षणाच्या जागा साधारण दोन वर्षं आधी भरतात. म्हणजे तुम्ही सप्टेंबरला हीथ्रोला उतरता तेव्हा ज्या जागा तुम्हाला हव्यात त्या बऱ्याचशा भरून गेलेल्या असतात. माझ्या वर्गात आम्ही नऊ भारतीय होतो. तिथे टिकला एक, आणि तो जाण्याआधीच दिल्लीच्या एका फर्ममध्ये पाच वर्षं जहाज-वाहतुकीची कामं करत होता. लंडनने त्याला एलएलएमसाठी घेतलं नाही, जहाजांसाठी घेतलं.

परत आल्यावर उपयोग होईल का, याचं उत्तर तुम्ही परत येऊन काय करणार यावर आहे. शिकवायचं असेल तर सावध राहा. परदेशातल्या एका वर्षाच्या एलएलएमला आपल्या एलएलएमच्या बरोबरीचं मानण्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२० च्या पदव्युत्तर नियमांत बंधनं घातली आणि ते नियम लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. पीएचडी नसेल तर नेट किंवा सेट द्यावीच लागते. प्राध्यापक व्हायचंय आणि खिशाला चाट नको, तर इथलं एलएलएम हाच सरळ रस्ता. सातारच्या जिल्हा न्यायालयात म्हणाल, तर लेटरहेडवर ‘एलएलएम लंडन’ छापल्याने पक्षकार पहिल्या आठवड्यात चौकशी करतो, दुसऱ्या आठवड्यात तारखेला हजर राहणारा वकील शोधतो.

तर मग मी ‘जा’ का म्हटलं? त्यासाठी माझ्या वर्गातली एक सकाळ सांगते.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा असेल. लवादाच्या कायद्याचा सेमिनार, लांबट टेबलाभोवती आम्ही सोळाजण. आदल्या दिवशी एकशे वीस पानं वाचायला होती, ती मी रात्री दोनपर्यंत वाचली होती. शिक्षकांनी माझ्याकडे वळून विचारलं की परदेशात बसलेल्या लवादावर भारताच्या लवाद कायद्याचा पहिला भाग (म्हणजे इथल्या कोर्टांचा हस्तक्षेप) लागू होतो, असं तुमचं सर्वोच्च न्यायालय कसं काय म्हणतं? मला उत्तर येत होतं. २००२ चा भाटिया इंटरनॅशनल, २००८ चा व्हेंचर ग्लोबल, हे ते दोन निकाल. तथ्यं, मुद्दे, निकाल सगळं मी धडाधडा सांगितलं, अगदी परिच्छेद क्रमांकासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ठीक. निकाल बरोबर आहे का?’

मी गप्प. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बरोबर आहे का, असं मला पाच वर्षांच्या कॉलेजात आणि दोन वर्षांच्या वकिलीत कुणी विचारलंच नव्हतं. निकाल लागू होतो की नाही एवढंच आम्ही बघत आलो होतो. शेजारची ब्राझिलियन मुलगी, जिने तो निकाल आदल्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा वाचला होता, ती बोलायला लागली आणि तिने त्याची सालं काढली. माझ्या पहिल्या निबंधाला ५८ गुण पडले. तिथे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन, त्यामुळे ५८ म्हणजे काही आभाळ कोसळलं नव्हतं, पण समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘वर्णन उत्तम. तुमचं मत कुठे आहे?’ तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

उन्हाळ्यात मी प्रबंध लिहिला तो भाटियाच्याच विरोधात. परत आल्यावर पहिली दोन वर्षं तो कुणी विचारला नाही. मग ६ सप्टेंबर २०१२ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बाल्को प्रकरणात भाटिया रद्द ठरवला, तोही फक्त त्या तारखेनंतरच्या करारांपुरता. एकदम प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न, आपला करार आधीचा की नंतरचा. माझ्या सिनिअरांनी तेव्हा माझं टिपण मागितलं आणि पहिल्यांदा माझ्या नावाने ब्रीफ, म्हणजे स्वतंत्र प्रकरण, आलं. एलएलएमने मला काय दिलं म्हणाल, तर हेच. मी निकाल पाठ म्हणायची सोडून त्याच्याशी भांडायला शिकले. नोकरी वगैरे काही दिली नाही.

म्हणून विषय निवडताना गफलत करू नका. ‘आंतरराष्ट्रीय कायदा’ ऐकायला भारदस्त आहे, पण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन तुम्ही कुणाची वकालत घेणार? त्याऐवजी तुमच्या टेबलावर काय आहे ते बघा. भूसंपादन म्हणता, आणि साताऱ्यातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३जी(५) खालची प्रकरणं तुमच्याकडे असणारच. मोबदला मान्य नसला की शेतकरी लवादाकडे जातो, आणि हा लवाद दोन्ही पक्षांनी निवडलेला नसतो, केंद्र सरकारने नेमलेला असतो. त्याचा निवाडा पटला नाही तर जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली अर्ज. २०२१ मध्ये हकीम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टाला निवाडा रद्द करता येईल, त्यातली रक्कम दुरुस्त करता येणार नाही. मग ३० एप्रिल २०२५ ला गायत्री बालसामी प्रकरणात घटनापीठाने चारास एक अशा बहुमताने मर्यादित दुरुस्तीला वाट मोकळी करून दिली. तुमचा अशील गुंठ्याला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून ज्या दारात बसलाय, त्याच दारात जगभरचे लवादाचे अभ्यासक उभे आहेत. सक्तीने लादलेल्याला लवाद म्हणायचं का, हा तर प्रबंधाचा विषय आहे.

तुमचा अर्जातला निबंध तुम्ही जोडलाय. पहिलं वाक्य आहे: ‘लहानपणापासून मला न्यायाविषयी आस्था आहे.’ ते खोडा. अर्ज वाचणारा माणूस एका बैठकीत तसली चाळीस वाक्यं वाचतो. त्याजागी एका शेतकऱ्याची हकीकत, नाव न देता, पाच ओळींत लिहा. संपादनाची नोटीस कधी, मोबदला किती, लवाद कोण, निवाडा काय, कलम ३४ मध्ये तुम्ही काय मागितलं आणि कोर्टाला काय देता आलं नाही. आणि मग एकच ओळ की याचं उत्तर इतर देशांचे कायदे कसं देतात हे मला शिकायचंय. अशी ओळ लिहू शकणारा अर्जदार साताऱ्यातच मिळेल, दक्षिण मुंबईच्या मोठ्या फर्ममधून नाही मिळणार. शिफारसपत्रंही तशीच. ओळखीच्या न्यायाधीशांचं चार ओळींचं ‘हुशार व होतकरू’ छापाचं पत्र कामाचं नाही. ज्या सिनिअरने तुमचे मसुदे खरोखर तपासलेत त्याच्याकडून घ्या, मग तो कितीही साधा असो.

नावांच्या मोहाबद्दल एक जाता जाता. ऑक्सफर्डच्या बीसीएलच्या नावात ‘बॅचलर’ आहे म्हणून ती खालची समजू नका, ती पदव्युत्तर पदवी आहे आणि प्रवेश फार कठीण. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये तिची परीक्षा दिली. विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं, त्यामुळे पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षं!

आता पैसे. पौंड १२० रुपये धरा. ३२,००० पौंड फी. लंडनमध्ये खोली, जेवण, प्रवास मिळून वर्षाचे सोळा हजारांच्या खाली येत नाहीत. व्हिसाची फी पाचशेहून जास्त, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. अभ्यासक्रम एका वर्षाचा असला तरी व्हिसा चार महिने पुढचा मिळतो, म्हणून अधिभार दीडपट, १,१६४ पौंड भरावा लागतो. विमान, टीबीची तपासणी, थंडीचे कपडे धरले की आकडा ६० लाखांवर जातो. समजा त्यातले ४० लाख कर्ज काढलं, साडेदहा टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. हप्ता ५४ हजार. शिकत असताना आणि नंतरच्या सवलतीच्या काळात व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात चढतं आणि हप्ता ६५ हजारांवर जातो. तुम्हाला महिन्याला पंचवीस सुटतात.

बँकेत गेलात की दुसरी गंमत कळेल. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमिनीचा सातबारा बहुधा घेत नाहीत. फ्लॅट, एनए प्लॉट, मुदत ठेव चालते. बँकांचे सर्च रिपोर्ट तुम्हीच लिहून देत असाल, तेव्हा हे तुम्हाला मी काय सांगावं. पण वडिलांच्या मनात ‘जमीन आहे की आपल्याकडे’ असं असतं, आणि मग तारण म्हणून चालत नाही म्हटल्यावर विक्रीचा विषय निघतो. घाईची विक्री म्हणजे पडेल भाव. रस्त्याकडेचं रान उद्या स्वतःच संपादनात जाईल, आणि तेव्हा वकील तुम्हीच असाल. कर्ज काढलंच, तर ते बँकेतूनच विद्यापीठाला जाऊ द्या. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे परदेशी पाठवतानाच कापला जाणारा कर) लागत नाही, घरच्या पैशांवर वर्षाला दहा लाखांच्या पुढे लागतो. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण ऐन फीच्या वेळी अडकतो.

व्हिसासाठी फीची बाकी आणि नऊ महिन्यांचा निर्वाह खर्च दाखवावा लागतो. लंडनसाठी तो महिन्याला १,५२९ पौंड आहे. खात्यात सलग २८ दिवस. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलाने पैसे काकांच्या खात्यात दाखवले, कारण एकत्र कुटुंब, व्यवहार काकाच बघतात. व्हिसा नाकारला. आपल्या घरात काका आणि वडील यांत फरक नसतो, त्यांच्या नियमात असतो. वडिलांचं खातं दाखवणार असाल तर जन्मदाखला लागेल, आणि तो मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर. दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि पासबुकावर ‘दत्तू’ असलं काही निघालं तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. जाऊन अर्धवेळ काम करून कर्ज फेडू असंही कुणी सांगेल. सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मास्टर्सवाल्यांचा प्रबंधाचा उन्हाळाही सत्रातच धरतात. लग्न ठरत असेल तर तेही सांगून ठेवते, २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला जोडीदार बरोबर नेता येत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. विद्यापीठाला लिहून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का ते विचारा. डिपॉझिट भरलं नसेल तर भरू नका. ऑगस्टमध्ये चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज निघतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. त्याला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. फी, राहणं, विमान सगळं त्यात येतं. अट एवढीच की परत येऊन दोन वर्षं देशात राहायचं, आणि तुम्हाला ते तसंही करायचंय. तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता ते लिहिलं नाहीत. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजासाठी सारथीची आहे, इतर मागास, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठी वेगवेगळ्या विभागांच्या आहेत. वयाची, उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट दर वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुमच्या विद्यापीठाची क्रमवारी त्यात बसत नसेल तर ती ऑफर सोडून दुसरीकडे अर्ज करायला अजून वेळ आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट आणि के. सी. महिंद्रा यांच्या कर्ज-शिष्यवृत्त्याही बघा. रक्कम सगळा खर्च भागवणार नाही, पण आधार होतो.

आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा टाळायच्या फंदात पडू नका. एलएलबीचे काही पेपर मराठीत लिहिले असतील, आणि आपल्याकडे पुष्कळांनी लिहिलेत, तर ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असा दाखला कॉलेज देईल तो खोटा ठरेल. सातच्या वर गुण आणा. निकाल दोन वर्षं चालतो, म्हणजे पुढच्या वर्षालाही हाच पुरेल.

आणि ट्रान्सक्रिप्टचा (विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज याच आठवड्यात टाका, चार संच मागा. माझ्या वेळी विद्यापीठाच्या खिडकीवर मी सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला संच मिळाला तेव्हा तिसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव चुकलेलं होतं.